काळी गोटी आणि पाहुण्यांचा बिल्ला

अशेर चौलकर सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या फजितीने झाली. इकडे परदेशात, हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती आणि मी दारावर बिल्ले लावत होते. डोक्यावर छोटी गोल टोपी घातलेले एक गृहस्थ आले. नाव अशेर! मी इंग्रजीत स्वागत करून त्यांच्या कोटाला ‘पाहुणे’ असा बिल्ला लावून टाकला. ते अस्सल अलिबागी मराठीत म्हणाले, “अहो बाई, पाहुणा कसला? आत पोहे-खोबऱ्याचा मलिदा ठेवलाय ना, तो मीच करून आणलाय.” मी उडालेच! कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू आहेत, हे नागपूरच्या मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. दोघंही खूप हसलो. बिल्ला बदलायचा मात्र राहून गेला.

पुढे मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही बरोबर शिकवू लागलो. सर पोलाद कारखान्यातले इंजिनीअर, पण मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं तरी कधी चिडले नाहीत. तोच प्रश्न पुन्हा मराठीत विचारायचे. माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ रोज सकाळी कोण शोव्हल करून जातं, हे मला आठवडाभर कळलंच नव्हतं. सरच ते!

निवृत्तीनंतर सरांनी भलतंच काम अंगावर घेतलं. ते इथे ज्या कॉलेजात शिकले, तिथल्या ज्यू मुलांच्या फ्रॅटर्निटीचा, म्हणजे एकत्र राहणाऱ्या-जेवणाऱ्या मित्रमंडळाचा, इतिहास लिहायचा. इतर फ्रॅटर्निट्या ज्यूंना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून या मुलांनी आपलं वेगळं घर उभारलं होतं. सर त्यांचे सभासद कधीच नव्हते. “माझा अर्ज उशिरा पोचला असावा,” एवढंच म्हणायचे. पण दर शुक्रवारी तिथे जेवायला जायचे, आणि त्या जेवणांचं कौतुक आम्ही पन्नासदा ऐकलेलं. मी ग्रंथालयात नोकरी केलेली, म्हणून सभांची जुनी इतिवृत्तं चाळायला सरांनी मला बोलावलं.

त्यांच्या बेसमेंटमध्ये एका दुपारी मी ते पान उघडलं. नवा सभासद घेताना तिथे एक पेटी फिरवत. प्रत्येकाने गुपचूप एक गोटी टाकायची, पांढरी किंवा काळी. एक जरी काळी निघाली तरी अर्ज बाद. पानावर सरांचंच नाव होतं! खाली लिहिलं होतं : अर्जदार भारतातला, ज्यू असल्याची खात्री वाटत नाही. एक काळी गोटी. शुक्रवारच्या जेवणाला पाहुणा म्हणून बोलवावे.

मी पान सरांपुढे सरकवलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले. मग मात्र मी भडकले. “ज्यांना स्वतःला दारातून हाकललं, त्यांनी तुम्हाला हाकलावं? कमाल झाली! सोडा हे पुस्तक, सर.”

सरांनी पुस्तक सोडलं नाही. फ्रॅटर्निटीच्या समितीचा फोन आला : ते एक पान गाळा, पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाला गालबोट लागेल. सर शांतपणे म्हणाले, पान राहील, नाहीतर पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घ्या. शेवटी पान राहिलं, सरांच्या नावासकट.

“पण गोटी टाकली कोणी? शोधायचं का?” मी विचारलं.

“कशाला बाई? त्याने माझ्यासारखा ज्यू कधी पाहिलाच नव्हता. तुम्ही तरी माझ्यासारखा मराठी माणूस कुठे पाहिला होता?” सर हसून म्हणाले.

मला हसता आलं नाही. त्या पहिल्या दिवाळीला सर संध्याकाळभर तोच ‘पाहुणे’ बिल्ला लावून सगळ्यांना मलिदा वाढत होते. आम्ही एवढे जण होतो, एकालाही तो काढावासा वाटला नाही. आणि लावला होता मी!

सर, पंचाहत्तरी झाली, आता शंभरीही अशीच ठणठणीत गाठा. गुडघे सांभाळा, बर्फ उपसणं पुरे करा. आणि निवांतपणे आमच्या मंडळाचा इतिहास लिहायला घ्या. त्यातलं माझं पान तेवढं गाळू नका.