कनवटीची सुपारी

मरणासारखा दिग्दर्शक नाही, असं चिंतामणराव टिपणीस दर रविवारी दुपारी सोफ्यावरून जाहीर करतात. कोणी हरकत घेण्याच्या आत ते घोरू लागतात.

आज टीव्हीवर सिनेमाही तसाच लागला आहे. आजारी आई पलंगावर बसून मुलीचं पुढचं आयुष्य आखते आहे. शाळा, वाढदिवस, लग्नातली साडी, सगळं. शेवटी ती नवऱ्यालाही एक लांबलचक पत्र लिहिते. त्या क्षणापासून चिंतामणरावांना तो नवरा डोळ्यांसमोर नकोसा होतो.

त्यांच्या शैलजाबाईंनीही हेच केलं होतं, फक्त पत्र सोडून. तीन वर्षांपूर्वी, जायच्या आधी, दवाखान्याच्या खाटेवर, त्यांनी लेकीसाठी दोनशे पानी वही भरली. मृण्मयीच्या अक्कलदाढेपासून रुखवतापर्यंत काही सुटलं नाही. नवऱ्याच्या वाट्याला एकच ओळ आली : ‘कन्यादानाला दिघे पतिपत्नी बसतील. ह्यांना बसवू नये.’

दिघे! समोरच्या ब्लॉकमधले, गणपतीत नाट्यगीतं म्हणणारे, साठीतही डोक्यावरचे सगळे केस राखून असलेले. लग्न गुरुवारी आहे, आणि कन्यादानाला कोण बसणार हे विचारायला गुरुजी आज पाच वाजता फोन करणार आहेत. चिंतामणराव डोळे मिटतात. फक्त विचार करायला.

"सरका जरा," शैलजाबाई म्हणतात.

ते सरकतात. सोफ्याची थिएटरातली रांग झाली आहे. पडद्यावरचा नवरा अजून पत्रच वाचतो आहे.

"बघ. त्याला चार पानं."

"त्याला वाचायची सवय दिसते. तुम्ही माझी भाजीची यादी तरी कधी शेवटपर्यंत वाचलीत?"

"पण दिघ्याच का?"

"हळू बोला. लोक बघतायत."

लोक खरंच बघतायत, हातात अक्षता घेऊन. हे मंगल कार्यालय आहे. मांडवाच्या झेंडूच्या माळांमध्ये एक सलाईनची बाटली लटकते आहे. पाटावर दिघे पीतांबर नेसून केस विंचरत बसले आहेत. शैलजाबाईंनी दवाखान्याच्या हिरव्या झग्यावर नथ घातली आहे, आणि ती त्यांना शोभतेही.

"त्याचं गाणं ऐकायला पहिल्या रांगेत बसायचीस तू."

"पंखा पहिल्या रांगेवर होता."

वीस वर्षांचं दुखणं असं एका पंख्यावर निघाल्यामुळे चिंतामणरावांना जरा रितं रितं वाटतं. पण ते हटत नाहीत.

"मग मी का नको? विधुरालाही बसता येतं. गुरुजी म्हणाले, बायकोच्या जागी कनवटीला सुपारी लावायची, झालं."

शैलजाबाईंचा चेहरा बदलतो. ऑफिसातल्या मिस गुप्त्यांनी डब्यातून भरली वांगी पाठवली होती, त्या दिवशीचा तो चेहरा.

"झालं? वही मी लिहिली, हात सुजेपर्यंत. आणि मुलीच्या लग्नात तुमच्या कमरेशी ऐटीत बसणार कोण, तर वाण्याकडची सुपारी?"

"अगं, ती नुसती सुपारी."

"म्हणूनच. माझ्याशिवाय तुमचं नुसत्या सुपारीवर भागतं, हे मला बघायचं नव्हतं."

इतकी वर्षं चिंतामणराव दिघ्यांवर जळत होते. इकडे ही सुपारीवर जळत होती.

दिघ्यांच्या पाटाशेजारी सहा वर्षांची मृण्मयी शाळेच्या गणवेशात, मुंडावळ्या बांधून बसली आहे. दिघे तिच्या हातावर सोडायला पाण्याची झारी उचलतात. ती हात पाठीमागे लपवते आणि मांडवभर कोणाला तरी शोधू लागते.

"हे बघवतं तुला?" चिंतामणराव विचारतात.

शैलजाबाई बराच वेळ लेकीकडे पाहतात.

"या इकडे."

इकडे म्हणजे घरातला ओटा. चिंतामणराव सोवळं नेसून उभे आहेत, तेही धड नेसलेलं नाही. शैलजाबाई फडताळातून पितळी डबी काढतात. तिच्यात एकच सुपारी आहे.

"आपल्या लग्नात गणपती म्हणून मांडलेली. श्वास आत घ्या. किती पोट वाढवलंय!"

"तीन वर्षांत कोणी टोकलं नाही गं."

त्यांची गार बोटं कनवटीला पीळ देतात.

"हिला बसू दे. ही माझ्या ओळखीची आहे. दुसरी चालणार नाही."

"आणि माझं पत्र?"

"अहो, दोनशे पानांत तुमची एकच ओळ, आणि तेवढीच तुम्हाला पाठ आहे ना? मग?"

फोन वाजतो. पाच वाजले आहेत, सिनेमा संपून टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू आहे. चिंतामणरावांच्या कमरेला काहीतरी टोचतं. लेंग्याच्या नाडीत एक सुरकुतलेली सुपारी खोचलेली आहे, खाचेत जुनं कुंकू असलेली. फडताळाला कुलूप आहे आणि किल्ली मृण्मयीकडे असते. पण त्या खोलात शिरायची त्यांची इच्छा नाही.

मृण्मयी आतून धावत येते.

"बाबा, गुरुजींचा फोन. काय सांगू?"

चिंतामणराव सोफ्यावरच ताठ बसतात, सुपारी तळहातावर धरतात आणि भरल्या आवाजात म्हणतात, "सांग, कन्यादान मी करणार. तुझ्या आईशी बोलणं झालंय."

मृण्मयी त्यांच्याकडे बघते, मग सुपारीकडे. नाक ओढते.

"सांगते," ती म्हणते. "पण उठा ना जरा. बॅटरी संपत आलीय, आणि चार्जर तुमच्याखाली आहे."