पेन्सिलीतली सही

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे ‘पेन्सिलराव’ म्हणत. त्याला ते मान्य होतं. खोडरबर म्हणत नाहीत हेच नशीब, असं तो स्वतःच सांगे. तिथला रिवाज असा, की शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याने कार्डावर शाईने सही करायची, म्हणजे छापताना अर्थाखाली त्याची आद्याक्षरं येत. हा गृहस्थ तेवीस वर्षं पेन्सिलीने सही करत आला. चूक निघालीच तर खोडता यावी. चूक कधी निघाली नाही. मग साहेब त्यावर आपली शाईची सही ठोकत आणि आद्याक्षरं साहेबांची छापली जात. कोशाच्या हजारभर पानांत याच्या नावाचा ठिपकाही नव्हता.

आता साहेब निवृत्त झाले होते, महिनाअखेर हाही होणार होता, आणि हातात एकच कार्ड उरलं होतं: सर्कम्स्पेक्शन. सावधपणासाठी इंग्रजीतला एक भारदस्त शब्द. मूळ लॅटिन, भोवती आणि पाहणे या दोन शब्दांचा संसार. म्हणजे चहूकडे नीट पाहून मग पाऊल टाकणे. एवढं कळायला त्याला एक दुपार लागली होती. पुढची नऊ वर्षं तो चहूकडे पाहत होता. संस्कृतातला स्पश, म्हणजे हेर, याच पाहण्याच्या घराण्यातला निघाला, तेव्हा त्या दूरच्या भाऊबंदाची चौकशी करण्यातच दोन वर्षं गेली. पाऊल तेवढं राहिलं.

चार वाजता छापखान्याच्या बाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“पेन्सिलराव, पाचला छपाईचा फर्मा बंद करते. कार्ड?”

“देतो. एक संदर्भ तेवढा ताडून बघतो.”

“गेल्या वर्षीही तोच ताडत होतात.”

“तो वेगळा होता.”

“शाईची सही नसेल तर शब्द गाळते. खालच्या ओळी वर सरकतील, कुणाला पत्ता लागायचा नाही.”

त्याला लागणार होता. त्याने कार्ड पुन्हा वाचलं. चार ‘बहुधा’, तीन ‘किंवा’ आणि एक ‘काहींच्या मते’. हे काहीजण म्हणजे तोच. त्याने घरी फोन लावला.

“अगं, करून टाकू का सही?”

“मला होकार द्यायला चौदा महिने लावले होतेत,” बायको म्हणाली. “तेव्हा चहूकडे बघून शेवटी काय दिसलं?”

“तूच.”

“मी समोरच बसले होते की. कुकर लावलाय, ठेवते.”

त्याने ‘बहुधा’ खोडले, ‘किंवा’ खोडले, काहीजणांनाही रजा दिली. दोन ओळी उरल्या. सहीला खिसा चाचपला, तर पेन नव्हतं. तेवीस वर्षांत लागलंच कुठे होतं?

“हे घ्या,” बाई म्हणाल्या. “पण ती पेन्सिल माझ्याकडे गहाण. तुमचा भरवसा नाही.”

खंड हातात पडला तो निरोपाच्या दिवशीच. घरी त्याने पान काढून बायकोपुढे धरलं. दोन ओळी, खाली दोन अक्षरं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं.

“बरोबर आहे ना पण?”

त्याचा हात खिशाकडे गेला. पेन्सिल अजून गहाणच होती.

“आहे,” तो म्हणाला, आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून सवयीने एकवार चहूकडे पाहून घेतलं.