पाठीवरचा जोडीदार

मुलांनो, संध्याकाळी फिरून आले की मी बदनापूर स्टेशनवरच्या बाकावर जरा टेकते. तिथे जालन्याच्या गाडीची वाट पाहणारा एक म्हातारा पैलवान रोज दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो पाठ कधीच टेकवत नसे. हनुवटी छातीशी दाबलेली आणि डाव्या खांद्यापाशी दोन्ही हातांची घट्ट पकड, जणू मागून आलेलं कुणाचं मनगट धरलंय.

"पैलवान, टेका की! बाक सरकारचा हाये," चहावाला चिडवायचा.

एकदा मी विचारलं, "खांदा दुखतो का?"

"न्हाई बाई, हात धरून राह्यलो. गडी पाठीवर चढला की हनुवटी खाली घ्यायची, त्याचा हात धरायचा, न्हाई तर गळा आवळतो. मंग अंग मागं टाकायचं. वरचा खाली दबतो. धावड्याला कुस्तीच्या फडात मी तेच केलं. जोडीदार उठलाच न्हाई. हात मिळवायचा राह्यला." मग हळूच म्हणाला, "आता हात सोडला तर माझा गळा जातो, अन् टेकलो तर तो पुन्हा दबतो."

काल तो चक्क टेकून बसला होता. हात मांडीवर मोकळे होते.

"सुटलात?" मी विचारलं.

"हात मिळवला, बाई. उतरला तो." त्याने आमच्या दोघांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "दमलाय. बसू द्या जरा."

भुतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तरी मी तिथली माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकून बसले.