भिंतीची भोकं

डिप्लोमाच्या वर्गात सरांनी फळ्यावर भराव अडवणारी भिंत काढली आणि तिच्यात भोकं ठेवली. "मागचं पाणी यातून निघतं. बुजवलीत तर भिंत गेलीच म्हणून समजा." तळेगावात आमच्या खोलीमागे तशीच भिंत होती. उंदीर येतात म्हणून तिचं एकूण एक भोक पप्पांनी कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीत सिमेंटनं लिंपलं होतं. माल कालवून मीच दिला होता. आणि आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. घरी पळत येऊन भिंतीला हात लावला. मधोमध तिला पोट आलं होतं. पप्पा मागून कौतुकानं म्हणाले, "बघितलंस? एक थेंब बाहेर येत नाही."