न फिरणाऱ्या मुठीची सुरी

हेमांगी माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन जूचंद्रला आमच्या घरी आली, त्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला अंगणातल्या चिंचेवरून खाली उतरवलं होतं. नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि बसलीय कुठे, तर फांदीवर! माहेर तिचं डोंगराच्या पायथ्याचं. करवंदं आधी कुठल्या जाळीत पिकतात, पावसात कुठली भाजी कुठल्या कातळाशी उगवते, सगळं तोंडपाठ. आमची शेती पडली खाडीकडची. तिच्या त्या डोंगरविद्येला आमच्याकडे कोण विचारणार? भाकऱ्या, मासळी, मुलांचे डबे, नवरात्रात चंडिकामातेच्या दारची रांगोळी, यात तिची वर्षं गेली. पण कपडे वाळत घालताना डोंगराकडे बघून म्हणायची, "ताई, एकदा तरी मला तिकडे रात्र काढायचीय. झाडाखाली, शेकोटीपाशी."

मी म्हणायची, "आधी चिमटे लाव, वारा सुटलाय."

यंदा मात्र देवीच्या मनात वेगळंच होतं. गिरीजची सालोमी बायकांना डोंगरात फिरायला नेते. पायथ्याशी तिच्या मामाची आंब्याची वाडी आहे, तिथे रात्रीचा मुक्काम असतो. हेमांगी एकदा तिच्यासोबत दिवसापुरती गेली आणि वाटेतल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगत सुटली. परत आल्यावर सालोमीचा फोन आला. तिला एक कायमची मदतनीस हवी होती.

"तुम्हीच या, असं मला वाटतंय हेमांगीताई," ती म्हणाली, "पण एक परीक्षा घेईन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाडीवर या. ओल्या लाकडातून शेकोटी पेटवून दाखवायची. सुरी तुमची, तुम्ही निवडलेली. जंगलातल्या सगळ्या कामाला पुरेल अशी एकच. जमलं नाही तर मला दुसरं कुणी बघावं लागेल, वीस बायकांची जबाबदारी असते."

फोन ठेवल्यावर हेमांगीने मला धरून गर्रकन फिरवलं. माझ्या हातात निरांजन होतं, तेही बघितलं नाही!

मग सुरू झाला सुरीचा शोध. पहिला उत्साह माझ्या मुलाला, चिरागला. त्याने ऑनलाइन एक सुरी मागवली. सुरी कसली, हातभर पातं, पाठीला करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र.

"काकी, एकदम कमांडो!"

सासूबाईंनी चष्मा वर केला. "ह्या सुरीनं ही काय रावन मारनार हाय?"

हेमांगीने ती हातात तोलली, सरपणातलं एक लाकूड घेतलं आणि घाव घातला. दुसऱ्या घावाला मूठ खुळखुळली. फिरवून बघते तर मूठ आतून पोकळ! पातं मुठीत जेमतेम बोटभर गेलेलं आणि बाकीच्या पोकळीत सुई, दोरा, मासे धरायचा गळ.

"चिराग, ही सुरी आहे की शिवणाचा डबा?"

ती परत गेली. त्याने आणलेली दुसरी मिटणारी होती. दिसायला फार देखणी. पण हेमांगी म्हणाली, पेरू कापायला ठीक, लाकडावर जोर दिला आणि मधेच मिटली तर बोट जाईल. जिथे सांधा तिथे दगा.

शेवटी आम्ही दोघी विरारला गेलो. तंबू, बूट, दोऱ्या विकणारं एक दुकान आहे, तिथे. काउंटरवर दुकानदाराने सुऱ्या मांडल्या. हेमांगीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दोन्ही हात ओले केले.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हात धुवायला बेसिन मागे आहे."

"धुवायचे नाहीत. ओल्या हाताने धरून बघायचीय."

मला लगेच कळलं. मासळी साफ करताना हाताला चिकट पाणी लागतं आणि गोल मुठीची सुरी हातात गर्रकन फिरते. आमच्या घरातल्या प्रत्येक बाईच्या बोटावर त्याची एक तरी खूण आहे. ती एकेक सुरी डोळे मिटून धरत गेली. गोल मूठ, बाजूला. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ, तीही बाजूला. "या खाचा कुणा बाप्याच्या बोटांच्या मापाच्या आहेत, माझी बोटं दोन खाचांच्या मधे येतात." पाठीला दात असलेली, बाजूला. दुकानदार वैतागायचा सोडून आता स्वतःच खणातून नवनवीन काढायला लागला. त्यालाही मजा वाटत होती!

आणि मग ती सापडली. अगदी साधी. पातं वितीपेक्षा कमी, पाठ सरळ आणि जाड. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं, त्यावर दोन्ही बाजूंनी लाकडाच्या चपट्या पट्ट्या रिबिटांनी ठोकलेल्या. हेमांगीने ओल्या हाताने धरली, मनगट वळवलं. सुरी हलली नाही. तिने डोळे उघडले, आणि मी तिचा चेहरा पाहिला. चिंचेवरची नवरी!

"हिला गंज चढेल हां मॅडम," दुकानदार प्रामाणिक होता. "स्टेनलेस नाही. पण धार कुठल्याही दगडावर लागेल."

"विळीला पण चढतो गंज. तेल लावतो की आम्ही."

घरी आलो तर दारातच सासूबाई. "कापलंस काय हिनं?"

"नाही आई, आत्ताच तर आणली."

"मंग कापाचं नाय. दसऱ्याला पूजा झाल्याबिगर नव्या हत्याराला कामाला लावाचं नाय. आनि दसऱ्याला त्याला सुट्टी."

झालं! आमच्या घरी हा नियम कधी मोडलेला नाही. कोयता, विळी, खुरपं, अगदी चिरागचा लॅपटॉपसुद्धा पाटावर बसतो. मी स्वतः देवाधर्माची बाई, मी काय बोलणार? पण हिशेब सरळ होता. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे हेमांगी त्या सुरीने पहिला काप घेणार तो थेट सालोमीसमोर.

"प्रॅक्टिस नाही, डायरेक्ट मॅच!" चिराग म्हणाला.

दसऱ्याला सुरी झेंडूच्या फुलांत बसली. सासूबाईंनी पात्यावर ओलं हळदकुंकू लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं. हेमांगी येता-जाता तिच्याकडे बघायची आणि हातातल्या उलथन्याने हवेत लाकूड सोलायची.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मलाही सोबत धाडलं. वाडीत पोचलो तर आदल्या रात्रीच्या सरीने सगळं चिंब. सालोमी, बुटकी, चपळ, गळ्यात क्रूस आणि शिट्टी, हसत पुढे आली. तिने सुरी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"निवड झकास! पण पात्यावर हे तपकिरी डाग कसले?"

"कुंकू लावलं होतं. पूजेचं."

"मग पुसून तेल लावायचं ना हेमांगीताई. रात्रभर ओलं ठेवलंत बिचारीला."

आमच्याकडे विळीला पूजेनंतर दुसऱ्या दिवशीच तेल लागतं. नव्याकोऱ्या सुरीला तेवढा धीर नव्हता. मी मनात देवीला म्हटलं, माते, डाग तुझ्याच कुंकवाचा आहे, आता तूच बघ.

परीक्षा सुरू झाली. पडलेली ओली फांदी, एक काडेपेटी, तीही निम्मी. मी आंब्याखाली बसून देवीचं नाव घ्यायला लागले.

सुरुवात तर अशी झोकात! हेमांगीने फांदीचा तुकडा उभा केला, त्यावर सुरी आडवी ठेवली आणि तिच्या सरळ पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकलं. फांदी उभी चिरली गेली आणि आत कोरडं, पिवळसर लाकूड! पण चटकन पेट घेण्यासाठी त्याच्या कागदासारख्या पातळ साली काढायच्या होत्या, आणि तिथे गाडी अडली. एका हातात लाकूड, एका हातात सुरी. सुरी लाकडात खोल घुसायची आणि जाड ढलपी उडायची. ढलप्यांना काडी लावली, धूर झाला, विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. हेमांगीच्या कपाळावर घाम. काडेपेटी हलवली तर आवाज अगदी थोडका.

"मला सुरी चालवता येत नाही गं ताई," ती हळूच म्हणाली. आवाज रडवेला. "मी जन्मभर विळीवर कापलंय. विळी कुठे हलते? आपण भाजी हलवतो."

एवढं बोलली आणि थांबली. सुरीकडे बघितलं. चपला काढल्या. शेजारी पडलेल्या ओंडक्यावर एक पाय वर घेऊन अशी बसली, जशी रोज भाजी चिरायला पाटावर बसते! सुरीची मूठ ओंडक्यावर आडवी ठेवून पायाखाली दाबली. पातं ओंडक्याच्या बाहेर, धार वर.

"पाय!" सालोमी ओरडत धावली. खाली बसून तिने पात्याला बोट लावून हलवून बघितलं. चपटी मूठ, गच्च दाबलेली. गोल असती तर क्षणात फिरली असती. ही हलेना. सालोमी मागे सरकली. "बूट घालून बसा. मग करा."

हेमांगीने माझे बूट ओढून घेतले, चिरागचे जुने, तिला ढगळे. पुन्हा बसली. दोन्ही हातांनी लाकूड धरलं, धारेवर टेकवलं आणि पुढे सरकवलं, कोवळी काकडी सरकवावी तसं. सर्रकन एक पातळ साल निघाली आणि कुरळी होऊन खाली पडली. मग दुसरी. मग पडतच राहिल्या! तिचा हात आता तिच्या ओळखीच्या वाटेवर होता. बघता बघता पायाशी नारळाच्या किसासारखा ढीग झाला.

काडी ओढली. सालींनी ती अशी झेलली की मी नामजप विसरून किंचाळलेच, "पेटली!"

हेमांगी गुडघ्यावर बसून फुंकर घालत होती, डोळ्यांत धूर की पाणी, कुणास ठाऊक. सालोमीने त्याच शेकोटीवर चहाचं भांडं ठेवलं.

"माझी आजी नारळ, भाजी, मासळी, सगळं असंच बसून करायची," ती म्हणाली. "मला सुरी हातात धरायला शिकवली ती कोर्समध्ये. हे कधी डोक्यात आलं नाही. माझ्या गटातल्या निम्म्या बायका विळीवाल्याच असतात! त्यांना हे तुम्ही शिकवाल. हातात धरून चालवायचं मी तुम्हाला शिकवते. रविवारपासून या."

हेमांगीने लगेच घरी फोन लावला. "आई, मला घेतलं!"

तिकडून सासूबाई म्हणाल्या, "पूजा केली व्हती, घेनार कशी नाय? आनि येताना ती सुरी आन. बोंबील साफ कराचे हायत."

"ती नाही मिळायची आई! ती आता डोंगराची."

आज रविवार. पहाटे हेमांगी पाठीवर पिशवी आणि पंजाबी ड्रेसवर कमरपट्टा बांधून निघाली. पट्ट्याला चामडी म्यानात सुरी, पात्याला खोबरेल चोपडलेलं. आज ती तिथेच राहणार, झाडाखाली, शेकोटीपाशी. मी पूजेचा करंडा घेऊन दारात उभी होते. तिने घाईघाईने सुरीवर हात ठेवला.

"ताई, पात्याला नको हं!"

"माहितेय गं," म्हटलं, आणि म्यानावर बोटभर कुंकू टेकवलं.