रस्सा डिकीत ठेवला तेव्हा

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. आज मात्र सांगायचं म्हणजे सांगायचंच — मध्येच कच खाणार नाही.

रस्सा सांडला, एवढंच. असं मी स्वतःला किती वर्षं समजावत आलो. पण एवढंच असतं तर लपवलं कशाला असतं?

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. थोरला भाऊ गेल्यावर वहिनीनं सांगलीत, विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन कॉलेजच्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली होती. तिच्या मटणाच्या रश्श्याला तोड नव्हती. माझं इस्लामपुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. अण्णा म्हणून तिथलेच एक बागायतदार माझं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे पाहुणे येणार होते, रस्सा वहिनीकडून न्यायचा होता. चव पसंत पडली तर नातवाच्या जावळाचं अख्खं जेवण तिलाच मिळणार होतं. ते मिळालं की तिचं नाव होणार होतं.

वहिनीनं पातेल्यावर झाकण ठेवून कडेनं कणीक लिंपली. वरून फडकं आवळलं. खाली बसवायला चुंबळ दिली, डोक्यावर हंडा ठेवताना घेतात ती.

"भावजी, पायाशी ठिवा. न्हाईतर मी येती की संगं, धरून बसती."

मी नको म्हणालो. का? जुनी का होईना, फियाट नवीनच घेतली होती. सीटवर पांढरीशुभ्र कव्हरं. मटणाचा वास नको, तेलाचा डाग नको आणि — हेही सांगतो — अण्णांच्या दारात फोडणीच्या वासाच्या लुगड्यातली वहिनी माझ्या गाडीतून उतरायला नको. पातेलं डिकीत ठेवलं. चुंबळ तिथंच ओट्यावर राहिली.

आष्ट्याच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला तेव्हाच मागचा आवाज ऐकला. डिकी उघडली तर पातेलं कलंडून कणीक सुटलेली, निम्मा रस्सा खाली, फोडी मात्र पातेल्यातच. मी काय केलं? आष्ट्यातल्या एका हॉटेलातून गरम पाणी मागून घेतलं आणि पातेलं भरलं.

पंगतीत पाहुण्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाही. अण्णांनी मला बाजूला घेतलं. "रस्सा पानचट लागतूय गड्या."

तेव्हा खरं बोलता आलं असतं. अण्णा हसले असते, फार तर माझी चेष्टा झाली असती. पण मी म्हणालो, की भाऊ गेल्यापासून वहिनीच्या हाताला चव राहिली नाही. मेलेल्या भावाला मध्ये घातलं — मी, त्याच्या पाठच्या भावानं.

जावळाचं जेवण दुसऱ्या बाईला गेलं. वहिनीनं मला एकदाच विचारलं, "माझं काय चुकलं हुतं?" मी म्हणालो, मीठ-मसाला जरा कमी पडला.

तिनं ते खरं मानलं. डबे देत राहिली, पण त्या दिवसापासून स्वतःच्या जिभेवर तिचा भरवसा उरला नाही. रस्सा झाला की वाटीत घेऊन शेजारणीला चाखायला लावायची. मी गेलो की मला. अजून लावते. परवाही वाटी पुढं करून म्हणाली, "भावजी, तुमीच सांगा, मला कळत न्हाई."

मी चाखला. पहिल्यासारखाच होता. बरा झालाय, म्हणालो.