बंद लेसरची आकाशगंगा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही पूर्ण आहे असं नाही... पण कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून लिहितोय.

मी इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा, बारामतीला एम.एस्सी. फिजिक्स करतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझा प्रोजेक्ट – आकाशगंगा कशी बनते ते लॅबच्या टेबलावर दाखवायचं. खास काचेच्या ठोकळ्यातून लेसर सोडायचा. उजेडानं काच तापते, आणि तापलेल्या भागाकडे उजेड अजून ओढला जातो, गुरुत्वाकर्षणासारखा. विखुरलेले ठिपके एकत्र येऊन मधे गाभा, भोवती फिरतं वलय व्हायला हवं. माझे ठिपके काही केल्या जवळ येत नव्हते.

खंडेनवमीला दुपारी आई हळदकुंकवाचं ताट घेऊन लॅबमध्ये आली.

"ह्यांच्या ट्रॅक्टरची पूजा झाली, आता तुझ्या हत्याराची."

माझे प्रोजेक्टचे सर तिथंच होते, ते हसले. "करा मावशी. तसंही ते कुणाचं ऐकत नाही."

"आज हत्याराला काम न्हाय लावायचं. बंद कर ते."

मी लेसर बंद केला, प्लगही काढला. काळ्या पडद्यांमुळे खोलीत अंधारच होता. आई वाकली आणि... समोरच्या पांढऱ्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. सावकाश जवळ आले. मधे गाभा, भोवती वलय – आणि ते फिरत होतं! प्लग माझ्या हातात होता. सरांचा श्वास मला ऐकू येत होता.

"अगं बाई, किती ग्वाड दिसतंय," म्हणत आईनं काचेच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. उजेड तिथून जातही नाही. पण सगळं विस्कटलं, विझलं.

"माझ्यामुळं मोडलं का रं?"

"काही नव्हतंच मावशी," सर म्हणाले. "अंधारात भास होतो." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

काच पुसून पुन्हा पुन्हा लेसर लावला. ठिपके होते तिथंच. रिपोर्टमध्ये 'अपेक्षित परिणाम मिळाला नाही' असं लिहून दिलं. ते जाऊ द्या...

पण आई आता शुभ कामात कशालाच हात लावत नाही. घरी नवी कालवड आणली, तर ओवाळायला आत्याला बोलावलं. चुलतबहिणीच्या हळदीला मांडवाबाहेर बसून राहिली.

"आई, तुझ्यामुळं नाही झालं ते."

"मंग कशामुळं झालं?"

"माहीत नाही."

"एवढा शिकलास, अन् तुलाबी म्हायती न्हाय." तिनं हात पदरात गुंडाळून घेतले. "मंग माझाच हात वाईट हाय."

सर अजून भासच म्हणतात. मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर कळवा. खरं नसलं तरी चालेल, तिला पटेल असं हवं.